ट्रॉलीमागच्या सळया : इंदूरच्या रिंग रोडवरच्या एका ब्रेकचं प्रकरण

स्वयंचलित गाडीचे कॅमेरे दिवसभरात जे टिपतात, त्यातलं बहुतेक कुणी कधीच पाहत नाही. उपयोगाचे असतात ते काही सेकंद, ज्यांत गाडीचा निर्णय आणि माणसाचा निर्णय यांची फारकत झाली. इथे अशा एकाच प्रसंगाचं चित्रण घेऊन त्यातून काय काढता येतं, कसं काढायचं आणि कुठे फसायला होतं ते मांडलं आहे. गाडी, तिचा चमू आणि ट्रॉली अभ्यासासाठी रचलेली आहेत. रस्ता, मापं आणि भूमिती मात्र प्रत्यक्षातल्यासारखीच घेतली आहेत, आणि खालचं प्रत्येक गणित वाचकाला कागदावर करून पाहता येईल.

प्रसंग

डिसेंबर महिना, संध्याकाळचे सव्वापाच. देवास नाक्याच्या लोहामंडीतून निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली रॅडिसन चौक ओलांडून खजराणा चौकाकडे ताशी १८ किलोमीटरनं चालली आहे. ट्रॉलीची लांबी १२ फूट, म्हणजे ३.६ मीटर. बांधकामाची सळई १२ मीटर लांबीची येते. ती मधोमध दुमडली की ६ मीटरचा भारा होतो. भारा पुढच्या फळीला टेकवून ठेवला, तर मागच्या फाळक्याबाहेर २.४ मीटर सळया लोंबतात. टोकाला लाल फडकं बांधलेलं आहे. ट्रॉलीला मागचा दिवा नाही.

मागून चाचणीची गाडी ताशी ५० नं येते आहे. वेग आणि ब्रेक गाडीच्या स्वयंचलित प्रणालीकडे आहेत, स्टिअरिंगवर सुरक्षा-चालकाचे हात आहेत. प्रणालीनं ट्रॉली ओळखली आहे आणि सौम्य ब्रेक ठरवला आहे. तेवढ्यात चालकानं स्वतः जोरात ब्रेक दाबला. धडक झाली नाही. शेजारी बसलेल्या निरीक्षकानं लगेच ध्वनीनोंद केली, आणि पुढच्या सगळ्या तपासाची दिशा तिच्यातूनच मिळते :

“काका, ब्रेक तुम्ही मारला की गाडीनं?”

“मी मारला. गाडी ट्रॉलीला धरून चालली होती रे, सळयांना नाही.”

अशी नोंद लगेच घ्यावी. नंतर कार्यालयात बसून चालकाला विचारलं, तर तो “ट्रॉली जवळ आली होती” एवढंच सांगेल. त्या क्षणी त्यानं नेमकं काय पाहिलं ते तोवर पुसट झालेलं असतं.

चित्रण हाती कसं लागतं

एका पुढच्या कॅमेऱ्याचा हिशेब मांडू. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी १२ बिट, सेकंदाला ३० फ्रेम. न दाबलेलं चित्रण सेकंदाला साधारण ९३ मेगाबाइट होतं. असे सात कॅमेरे असतील तर सेकंदाला साडेसहाशे, आणि तासाला २.३ टेराबाइटहून अधिक. एवढं कुणी साठवत नाही. म्हणून गाडीत फिरती स्मृती असते : शेवटचे ३० सेकंद मूळ स्वरूपात राहतात आणि त्यांच्यावर नवे लिहिले जातात. ट्रिगर, म्हणजे चित्रण जपून ठेवायला लावणारी अट, लागू झाली की आधीचे ३० आणि नंतरचे १५ सेकंद कायम होतात. सात कॅमेऱ्यांचे हे ४५ सेकंद साधारण २९ गिगाबाइट भरतात. बाकी दिवसभराचं चित्रण एच.२६५ या पद्धतीनं दाबून, म्हणजे फाइलचा आकार कमी करून, ठेवलं जातं. कॅमेऱ्यामागे सेकंदाला ८ मेगाबिट धरले, तर सातही कॅमेऱ्यांचं मिळून तासाला २५ गिगाबाइट.

ट्रिगर कोणता ठेवायचा हा मोठा निर्णय आहे. “चालकानं ब्रेक दाबला” एवढीच अट ठेवली, तर इंदूरच्या रहदारीत दिवसाला शेकडो तुकडे जमतील आणि त्यांत कामाचं काही नसेल. या प्रकरणात अट अशी आहे : प्रणाली चालू असताना चालकाची गतिघट (वेग कमी होण्याचा दर) प्रणालीनं ठरवलेल्या गतिघटीपेक्षा दीड मीटर प्रतिसेकंदवर्गानं जास्त हवी. प्रणालीनं २.३ ठरवली होती, चालकानं ४.५ लावली, फरक २.२, म्हणून तुकडा कायम झाला. दुसरी उपयोगी अट म्हणजे दोन संवेदकांचं, किंवा एकाच कॅमेऱ्यातल्या दोन पद्धतींचं, एकाच वस्तूबद्दल जमत नसणं. टेस्लानं २०२१ मध्ये अशा २२१ ट्रिगरांनी आपल्या गाड्यांमधून तुकडे गोळा करत असल्याचं सांगितलं होतं. ट्रिगर हा शोधाचा प्रश्न असतो, आणि प्रश्न ढोबळ असला तर उत्तरंही ढोबळ येतात.

मूळ चित्रणाचा आग्रह का धरायचा, ते या सळयांमुळे नीट कळतं. पुढच्या कॅमेऱ्याचा पाहण्याचा कोन ६० अंश, म्हणजे त्याचं नाभीय अंतर (भिंगापासून चित्र उमटतं त्या पडद्यापर्यंतचं अंतर, पिक्सेलांत मोजलेलं) साधारण १६६० पिक्सेल. २० मीटरवर एका पिक्सेलमध्ये १२ मिलिमीटर मावतात. १२ मिलिमीटरची सळई तिथे जेमतेम एक पिक्सेल जाड दिसते, ४० मीटरवर अर्धा. इतकी बारीक रेघ दाबताना सर्वात आधी जाते, कारण दाबण्याची पद्धत बारीक तपशिलालाच कात्री लावते. फडक्याचं नुकसान आणखी वेगळं आहे. नेहमीच्या दाबलेल्या चित्रणात रंगाची माहिती उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी निम्मीच ठेवतात. २० सेंटिमीटरचं फडकं ६० मीटरवर साडेपाच पिक्सेलांचं दिसतं. रंगाच्या थरात त्याच्या वाट्याला तीनही पिक्सेल येत नाहीत, आणि लाल रंग मागच्या करड्या धुरात विरतो. गाडीतल्या प्रणालीनं मात्र न दाबलेली फ्रेम पाहिलेली असते. दाबलेल्या प्रतीवर तपास केला, तर “सळया दिसतच नव्हत्या” असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि सगळे कॅमेरा बदलायच्या मागे लागतात. या प्रकरणात सळया दिसत होत्या.

घड्याळाकडेही लक्ष हवं. फ्रेमवरची वेळ प्रकाश घेतला त्या क्षणाची हवी. ती फ्रेम संगणकात पोहोचल्याची असेल, तर एक दशांश सेकंदाचा फरक सहज पडतो. सापेक्ष वेग इथे सेकंदाला ८.९ मीटर आहे, म्हणजे तेवढ्यात ०.९ मीटरची चूक. सगळे कॅमेरे, रडार आणि ब्रेकचे संदेश एकाच उपग्रह-घड्याळाशी जुळवलेले नसतील, तर पुढचं कोणतंही मोजमाप करू नये.

अंतर कुठपर्यंतचं?

एका कॅमेऱ्यानं अंतर काढायची जुनी आणि अजूनही उपयोगी रीत अशी : वस्तू जमिनीला जिथे टेकते तो बिंदू क्षितिजरेषेच्या किती पिक्सेल खाली आहे ते मोजायचं, नाभीय अंतराला कॅमेऱ्याच्या उंचीनं गुणायचं आणि त्या पिक्सेलांनी भागायचं. कॅमेरा जमिनीपासून १.३५ मीटर उंच आहे. ट्रॉलीचं चाक क्षितिजाखाली १०२ पिक्सेलवर टेकलं होतं. उत्तर येतं २२ मीटर.

हे उत्तर बरोबर आहे, पण ते चाकापर्यंतचं अंतर आहे. दोनचाकी ट्रॉलीचा आस फाळक्याच्या बराच पुढे असतो. इथे एक मीटर धरू. फाळका २१ मीटरवर, आणि सळयांचं टोक त्याहून २.४ मीटर अलीकडे, १८.६ मीटरवर. प्रणाली ज्या अंतराच्या भरवशावर चालली होती आणि धडक जिथे सुरू झाली असती, त्यांत ३.४ मीटरचा फरक आहे.

आता प्रणालीचा बेत तपासू. कॅमेरा बंपरच्या १.९ मीटर मागे आहे, म्हणून तिच्या हिशेबानं बंपरपुढे २०.१ मीटर मोकळे. शेवटी ३ मीटर राखायचे, म्हणजे ब्रेकसाठी १७.१ मीटर मिळाले. ८.९ चा वर्ग भागिले १७.१ ची दुप्पट : गतिघट २.३. प्रवाशाला धक्का न देणारा, सभ्य ब्रेक. प्रत्यक्षात बंपरपासून सळयांच्या टोकापर्यंत १६.७ मीटरच होते. बेत तंतोतंत पार पडला असता, तर टोक बंपरच्या ४० सेंटिमीटर आत आलं असतं. आणि कुठे आत? सळया जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर असतात, बॉनेटची पुढची कड एक मीटरच्या आसपास. बंपरला काहीच लागत नाही. सळया बॉनेटवरून काचेच्या दिशेनं सरकतात. चालकाच्या ४.५ च्या ब्रेकनं ८.८ मीटर खर्च झाले आणि जवळपास ८ मीटर शिल्लक राहिले.

या गणिताचा सर्वात काळजीचा भाग वेगाशी संबंधित नाही. हीच गाडी बंगाली चौकाच्या सिग्नलला त्याच ट्रॉलीमागे शांतपणे उभी राहिली, तरी ती चाकापासून ३ मीटर सोडून उभी राहील, आणि सळया तेव्हाही ४० सेंटिमीटर आत असतील. सिग्नल सुटताना क्लच सोडेपर्यंत ट्रॅक्टर अर्धा मीटर मागे घसरला, तर टोक काचेशी जातं. असा प्रसंग ब्रेकच्या ट्रिगरमध्ये सापडणारच नाही, कारण कुणी जोरात ब्रेक दाबलेलाच नसतो. म्हणून “उभं असताना पुढचं अंतर” ही नोंद वेगळ्यानं काढून बघावी. आपल्या रस्त्यांवर तिचं मोल महामार्गावरच्या हजार किलोमीटरांहून जास्त आहे.

खरं अंतर कसं सिद्ध करायचं

वर २.४ मीटर म्हटलं, ते चित्रणातून कसं कळलं? पुढच्या एकाच कॅमेऱ्यातून ते थेट निघत नाही. ट्रॉलीही चालती आहे. चालत्या वस्तूची लांबी एका चालत्या डोळ्यानं काढायची, तर कुठलं तरी माहीत माप हवं.

उपाय चित्रणातच आहे. थोड्या वेळानं गाडीनं ट्रॉलीला उजवीकडून ओलांडलं. त्या वेळी डाव्या बाजूच्या कॅमेऱ्यात पूर्ण ट्रॉली आडवी आली. ट्रॉलीला ७.५०-१६ मापाचा टायर असेल, तर त्याचा व्यास साधारण ८१ सेंटिमीटर असतो. हेच माप. बाजूचा कॅमेरा रुंद भिंगाचा असतो, म्हणून आधी चित्राची वक्रता काढायची. तसं न करता मोजलं, तर कडेची लांबी चुकते. मग सळयांचा बाहेरचा भाग टायरच्या व्यासाच्या किती पट दिसतो ते मोजायचं. उत्तर २.२ पट, म्हणजे १.८ मीटर.

इथे थांबलात तर फसलात. टायर कॅमेऱ्यापासून २.५ मीटरवर आहे, पण भारा ट्रॉलीच्या मध्यावर, आणखी ०.९ मीटर पलीकडे, ३.४ मीटरवर आहे. लांबची वस्तू लहान दिसते, म्हणून १.८ ला ३.४ भागिले २.५ नं गुणायचं. तेव्हा कुठे २.४ मीटर येतात. ही दुरुस्ती राहून गेल्यानं ६० सेंटिमीटर हरवतात, आणि तपासात ही पायरी नेहमी सुटते, कारण १.८ हा आकडाही पटण्यासारखाच असतो.

चाकापर्यंतच्या २२ मीटरांची खातरजमा सोपी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, त्याच जागी दर ५ मीटरवर शंकू ठेवून त्याच कॅमेऱ्यानं चित्रण करायचं आणि ते प्रसंगाच्या फ्रेमवर बसवायचं. टेपनं मोजलेले शंकू आणि गणितातून आलेलं अंतर जुळलं, की कॅमेऱ्याची उंची आणि कल बरोबर धरलाय याची खात्री होते.

दोन चुका, दोन स्वभाव

प्रणालीचं अंतर आणि सिद्ध केलेलं अंतर यांतला फरक प्रत्येक फ्रेमसाठी काढून आलेखावर मांडला, की एक महत्त्वाची गोष्ट उलगडते. फरक नेमका ३.४ मीटरचा नव्हता. ब्रेक सुरू झाल्यावर तो काही क्षण साडेपाचाच्या घरात गेला आणि मग खाली आला.

कारण गाडीचा कल. ब्रेक लागला की गाडी पुढून दबते. ०.३ अंशाचा कल फार नाही, पण तेवढ्यानं चित्र जवळपास ९ पिक्सेल वर सरकतं. क्षितिजरेषा जागेवरच आहे असं प्रणालीनं धरलं, तर १०२ ऐवजी ९३ पिक्सेल मोजले जातात आणि २२ मीटरचे २४ होतात. म्हणजे गाडीनं ब्रेक लावला, त्यामुळे ट्रॉली लांब भासली, त्यामुळे बेतातली गतिघट २.३ वरून २.१ वर आली. ब्रेकच ब्रेकला सैल करतो.

हे दोन दोष वेगळे ओळखायची खूण त्यांच्या स्वभावात आहे. कलाची चूक अंतराच्या वर्गानुसार वाढते : ४० मीटरवर सात मीटरांहून जास्त, २२ वर दोन, १० मीटरवर फक्त ४० सेंटिमीटर. जवळ जाल तशी ती आपोआप विरते. सळयांची चूक १०० मीटरवरही ३.४ आणि ५ मीटरवरही ३.४ असते. लांबून ती किरकोळ टक्केवारी वाटते, जवळ आल्यावर तीच सगळं अंतर खाऊन टाकते. म्हणून सरासरी टक्केवारीनं गुण देणाऱ्या चाचणीत ही चूक लपते. अशा चाचण्यांवर भरवसा ठेवू नये. जवळच्या १५ मीटरांचा निकाल वेगळा आणि मीटरमध्येच मागावा.

कलावरचा उपाय तसा सरळ आहे : गाडीचं झुकणं मोजणाऱ्या जडत्वमापकाकडून फ्रेमगणिक कल घ्यायचा, आणि लेनच्या पट्ट्या जिथे दिसतात तिथे त्या मिळतात त्या बिंदूवरून क्षितिज पुन्हा काढायचं. रिंग रोडवर पट्ट्या बऱ्याच ठिकाणी पुसलेल्या असतात, म्हणून पट्ट्यांवर एकट्यावर विसंबता येत नाही. आणखी एक ताळा फुकट मिळतो. ट्रॉलीची चौकट किती वेगानं मोठी होते आहे, त्यावरून धडकेला किती वेळ उरला ते निघतं. त्यासाठी अंतर माहीत असावं लागत नाही, आणि गाडीच्या कलाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही हिशेबांत तफावत पडली, की तोच ट्रिगर.

बाकीचे संवेदक गप्प का राहिले, हे थोडक्यात. रडारला ट्रॉलीचा आस आणि फाळका जोरात परत बोलतात. टोकाकडून पाहिलेल्या सळया फार कमी लहरी परतवतात आणि मोठ्या आवाजात दबून जातात. बंपरमधले पार्किंगचे संवेदक अर्ध्या मीटरच्या उंचीवर असतात, सळया त्यांच्या बऱ्याच वरून जातात. लेझर किरणांच्या ओळींनी अंतर मोजणाऱ्या छतावरच्या लिडारच्या दोन ओळींत एक अंशाचं अंतर असेल, तर १८.६ मीटरवर दोन ओळींमध्ये ३२ सेंटिमीटरची फट पडते, आणि १५ सेंटिमीटर जाडीचा भारा त्या फटीत मावतो. मात्र दोन सेकंदांचे वीस फेरे ट्रॉलीच्या चौकटीत एकावर एक रचले, तर ओळी भाऱ्यावरून सरकत गेलेल्या असतात आणि त्याचा आकार उभा राहतो. ओलांडतानाचं चित्रण नसेल, तेव्हा हा दुसरा पुरावा.

मूळ दोष लेबलात

मग प्रणालीनं चाकावर आणि फाळक्यावरच चौकट का बसवली? कारण तिला तसंच शिकवलं होतं. शिकवणीच्या चित्रांत “ट्रॉली” म्हणून जी चौकट काढली जाते ती वाहनाच्या अंगाभोवती. माल बाहेर लोंबत असेल तर काय करायचं, हे लेबल लावणाऱ्याच्या सूचनापत्रात नव्हतं. काहींनी सळया आत घेतल्या, काहींनी सोडल्या, आणि प्रणालीतल्या न्यूरल जाळ्यानं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेनं, बहुमत शिकलं.

युरोपातल्या शहरांवर बेतलेल्या शिकवणीच्या चित्रसंचात हा प्रश्न क्वचितच उभा राहतो. सिटीस्केप्स हा २०१६ चा संच ५० शहरांतला आहे, त्यात बारकाईनं लेबल लावलेली ५००० चित्रं आहेत, पण ती शहरं मुख्यतः जर्मनीतली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांचा आयडीडी (इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट) संच काढला : हैदराबाद, बंगळूर आणि परिसरातल्या १८२ फेऱ्यांमधून १०,००४ चित्रं आणि ३४ वर्ग. त्यात रिक्षाला स्वतःचा वर्ग मिळाला, जनावरांना मिळाला, आणि कुठल्याच साच्यात न बसणाऱ्या वाहनांसाठी वेगळी जागा ठेवली गेली. आपल्या रस्त्यांसाठी ते फार मोलाचं काम आहे. पण बाहेर आलेल्या मालाला त्यातही वेगळा वर्ग नाही.

या प्रकरणात सुचवलेला बदल असा. वाहनाची चौकट पूर्वीसारखीच राहू द्यावी, म्हणजे जुनी लेबलं वाया जात नाहीत. तिच्यासोबत “बाहेरचा माल” ही दुसरी चौकट आणि “सर्वात मागचं टोक” हा एक बिंदू. ब्रेकचा बेत त्या बिंदूवरून आखायचा, चाकावरून नाही. सूचनापत्रात उदाहरणं इथलीच घालावीत : फाळक्याबाहेरच्या सळया, लोडिंग रिक्षातले पीव्हीसी पाइप, मंडपाचे बांबू, चोईथराम मंडीकडे जाणाऱ्या ट्रॉलीतून दोन्ही बाजूंना फुगलेली लसणाची पोती, आणि भुशाची ट्रॉली, जिची ताडपत्री चाकासकट सगळं झाकते. शेवटच्या उदाहरणात चाक दिसतच नाही, म्हणून तिथे जमिनीच्या बिंदूवरचं गणित लागूच पडत नाही. सूचनापत्रात हे स्वच्छ लिहावं.

फडक्याबद्दल एक सावधगिरी. लाल फडकं दिसलं की टोक सापडलं, असा धडा जाळं पटकन शिकतं, कारण तो सोपा आहे. पण बऱ्याच ट्रॉल्यांना फडकं नसतंच, आणि रात्री असूनही दिसत नाही. फडक्याचे आणि बिनफडक्याचे तुकडे मुद्दाम दोन्ही ठेवावेत आणि त्यांचे निकाल वेगळे मोजावेत.

४५ सेकंदांच्या सात कॅमेऱ्यांत ९४५० फ्रेम होतात. सगळ्यांना लेबल लावणं म्हणजे पैसा आणि डोळे फुकट घालवणं. ब्रेकच्या आधीचे तीन सेकंद पुढच्या कॅमेऱ्याच्या ९० फ्रेम देतात. त्यातली दर तिसरी हातानं, मधल्या गणितानं. टोकाचा बिंदू दोघांनी स्वतंत्रपणे ठेवायचा, आणि तीन पिक्सेलांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यानं पाहायचं.

लेबलाच्या जोडीला आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे. या तुकड्यात भाऱ्याची ओळख क्षणोक्षणी बदलत होती : कधी ट्रॉलीचा भाग, कधी अज्ञात वस्तू, कधी फडक्यामुळे माणूस. मावळतीचा सूर्य उजवीकडून भिंगावर आडवा पडल्यानं चित्र फिकटलं होतं, हे त्याचं एक कारण. ओळख बदलणं चालेल, पण त्याबरोबर मागचा इतिहास पुसला जाता कामा नये. अमेरिकेत टेंपी इथे १८ मार्च २०१८ रोजी ऊबरच्या चाचणी गाडीनं सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. तिथल्या सरकारी तपासात आढळलं की प्रणालीनं तिला ५.६ सेकंद आधी टिपलं होतं. पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे सतत बदलत राहिलं आणि प्रत्येक बदलाबरोबर तिच्या हालचालीचा आधीचा माग टाकून दिला गेला. कॅमेऱ्याला आणि लिडारला दिसलेली गोष्ट हिशेबात हरवली. म्हणून प्रत्येक तुकड्यात वर्गाचं नाव बाजूला ठेवून “या जागी काहीतरी भरीव आहे” ही नोंद अखंड राहिली का, हे पाहावं.

जुन्या चित्रणात शोध

एका ट्रॉलीवर प्रणाली शिकत नाही. म्हणून या तुकड्यातली भाऱ्याची चित्रं घेऊन साठवलेल्या चित्रणात तशीच चित्रं शोधायची. शोधात बरंच भलतंच येतं : विजेचे खांब, गाडीवरची शिडी, झाडाची वाकलेली फांदी, मेट्रोच्या कामाजवळ उभे केलेले गज. हे फेकू नये. “इथे थांबायचं नाही” हे शिकवायला हेच लागतात. विनाकारण ब्रेक मारणारी गाडी इंदुरात सुरक्षित नसते. मागे दोन हातांवर दुचाकी असते.

शिकवणीचा आणि परीक्षेचा संच फेरीनुसार वेगळा करावा, फ्रेमनुसार नाही. एकाच ट्रॉलीची दहावी फ्रेम शिकवणीत आणि अकरावी परीक्षेत गेली, तर गुण भरघोस येतात आणि खरी प्रगती शून्य असते. संगणकावर सळया चिकटवून चित्रं वाढवायचा मोह होतो. थोडी चालतील, पण प्रमाण वाढलं की जाळं सळया ओळखण्याऐवजी चिकटवल्याच्या कडा ओळखायला लागतं.

चेहरे, नंबरप्लेट, पुरावा

या ४५ सेकंदांत ट्रॅक्टरचालकाचा चेहरा आहे, शेजारून गेलेल्या शाळकरी मुलांचे आहेत, डझनभर नंबरप्लेट आहेत. लेबल लावणाऱ्यांकडे जाणारी प्रत चेहरे आणि पाट्या पुसूनच जावी, आणि मूळ प्रत मोजक्या माणसांच्या हाती राहावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात; त्या लागू झाल्या, की हे काम कंपनीच्या मर्जीपुरतं राहत नाही. पुसताना फडक्यालाच चेहरा समजून पुसलं गेलं नाही ना, हेही पाहावं लागतं. तसं झालं तर शिकवणीतून टोकच गायब होतं.

या प्रसंगात धडक झाली नाही. झाली असती, तर हेच चित्रण न्यायालयात गेलं असतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे, इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र मागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेला तिचा ठसा, लिहावा लागतो. म्हणून फाइल गाडीतून उतरवताच, दाबण्याआधी आणि पुसण्याआधी, तिचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून नोंदवावा. नंतर काढलेला हॅश नंतरच्याच प्रतीचा असतो. ट्रॉलीवाल्याची बाजूही कायद्यात स्पष्ट आहे : परवानगीच्या मर्यादेपलीकडे वाहनाबाहेर माल काढून नेण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनं, २०,००० रुपये दंड आहे. पण समोरच्याचा दोष होता म्हणून गाडीची जबाबदारी संपत नाही. सळया रस्त्यावर आहेत हे गृहीत धरूनच गाडी बनवायला हवी.

पुन्हा रस्त्यावर जाण्याआधी

सुधारलेली प्रणाली जुन्या तुकड्यावर चालवून पाहिली, की ब्रेक लवकर सुचवलेला दिसतो आणि सगळे खूश होतात. या खुशीला मर्यादा आहे. चालकानं ब्रेक दाबल्यानंतरचं चित्रण त्याच्या ब्रेकनुसार बदललेलं असतं. प्रणालीच्या ब्रेकनं जग कसं दिसलं असतं, ते त्यात नाही. म्हणून तुकड्याचा उपयोग ब्रेकच्या क्षणापर्यंतच धरावा आणि पुढचं साध्या गतिगणितानं चालवावं. चित्रणातून त्रिमित दृश्य उभारून डोळा थोडा सरकवता येतो, पण अशा दृश्यांत सर्वात आधी नाहीशा होतात त्या बारीक सळयाच.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र इंदूरपासून जवळ आहे, तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगपट्टीची इथे गरज नाही, दोनशे मीटर सपाट डांबर पुरतं. खऱ्या सळया कधीही वापरू नयेत. हलक्या फोमच्या नळ्या, त्यांवर रडारसाठी ॲल्युमिनियमचा कागद, आणि धक्का लागताच सुटणारी चौकट. पहिली चाचणी उभं राहण्याची : ट्रॉली थांबलेली, गाडी ताशी १० नं येऊन थांबते, आणि टेपनं बंपर ते टोक मोजायचं. ३ मीटर, कमी-जास्त ३० सेंटिमीटर, अशी कसोटी. ती पार झाल्याशिवाय २०, ३०, ४०, ५० कडे जायचं नाही. प्रत्येक वेगाला दिवसा, संधिप्रकाशात आणि अंधारात. फडक्यासह आणि फडक्याविना. भारा मधोमध आणि एका बाजूला सरकलेला. शेवटच्या जोडीत अनपेक्षित बिघाड निघतात, कारण एका बाजूला सरकलेल्या भाऱ्याला प्रणाली शेजारच्या लेनमधली वस्तू समजते.

त्यानंतर नवी प्रणाली गाडीत चालू ठेवायची, पण ब्रेक तिच्या हाती द्यायचा नाही. तीच वेळ, तोच देवास नाका ते बंगाली चौकाचा टप्पा. तिनं सुचवलेला आणि चालकानं लावलेला ब्रेक शेजारी-शेजारी नोंदवले जातात, आणि दीड मीटर प्रतिसेकंदवर्गाहून जास्त फरकाचा प्रत्येक तुकडा वरच्याच क्रमानं पुन्हा तपासला जातो : आधी घड्याळ, मग चाक, मग टोक.